अभ्यासपाठ : दार उघडे आहे, पण बाज कोण उचलणार?



गेल्या तिमाहीत उपासनेनंतर मंडळीतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, "शिक्षण मोफत आहे, दिव्यांग मुलांसाठी वेगळा कायदा आहे, सरकार पैसाही देते. मग आपली वर्गणी कशाला?" प्रश्न रास्त होता. मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून या अंकाचा पाठ त्यावरच घेतला आहे. मार्क २:१-१२ उघडून ठेवावे.

कफर्णहूमातल्या त्या घराचे दार कोणी लावून घेतले नव्हते. तरी तो पक्षाघाती मनुष्य बाहेरच राहिला असता, कारण दारात गर्दी होती आणि त्याला चालता येत नव्हते. चौघांनी त्याची बाज उचलली आणि छप्पर उकलले.

आपल्याकडचे दारही उघडे आहे, हे आधी मान्य करू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळते, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. ज्याला घराबाहेर पडताच येत नाही, त्याला घरी शिकवण्याचीही तरतूद आहे.

पैसा येतो तो मुख्यतः समग्र शिक्षा योजनेतून. ही योजना २०१८ ची. ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. तिच्या आराखड्यात दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद होती आणि मुलींसाठी वेगळा भत्ता, महिना २०० रुपये, १० महिने. इथे "विद्यार्थ्यामागे" हा शब्द लक्षात ठेवा. शाळेच्या नोंदीत जेवढी दिव्यांग मुले, तेवढीच मागणी वर जाते. नोंद नसलेल्या मुलासाठी कोणी काही नाकारत नाही. ते मूल हिशेबातच नसते.

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्हाला आठ वर्षांची मुलगी भेटली. ऐकू येत नव्हते. पटावर नाव होते, पण दिव्यांग म्हणून नोंद नव्हती, कारण प्रमाणपत्र नव्हते. आईवडील द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलेले, मुलगी आजीजवळ. कानाच्या तपासणीसाठी नाशिकला यायचे म्हणजे पहाटेची एसटी, दोघींचे भाडे आणि आजीची बुडालेली मजुरी. पहिली खेप वाया गेली, आणि चूक माझी होती: ऑनलाइन अर्जात मी तिचे नाव आधार कार्डापेक्षा वेगळे लिहिले होते. आजी काही बोलली नाही, भाकरी सोडून बसस्थानकावरच बसली. तिसऱ्या खेपेला प्रमाणपत्र मिळाले. तेव्हा कुठे शाळेच्या बाईंना तिची नोंद करता आली.

आदिवासी मुलाची आणखी एक अडचण आहे. जिल्हा परिषदेची शाळा शालेय शिक्षण खात्याकडे, आश्रमशाळा आदिवासी विकास खात्याकडे (त्याचे आयुक्तालय आपल्या नाशिकातच आहे), आणि विशेष शाळा २०२२ मध्ये वेगळ्या झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे. आदिवासीही आणि बहिरेही असलेले मूल या तिन्ही खात्यांचे असते. व्यवहारात त्याच्या आजीला कोणत्या दारात उभे राहायचे हेच कळत नाही.

अंतराचाही विचार करा. राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी, मात्र तिथे किमान २० मुले असावीत. ही २० ची अट पाड्यांना भोवते. ऑक्टोबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुले शाळा बंद झाली म्हणून शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर आली. दप्तरे घ्या आणि शेळ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. धडधाकट मूल दोन किलोमीटर जास्त चालेल. कुबड्या घेतलेले मूल पावसाळ्यात ओढा ओलांडून कसे जाईल?

शिक्षकांच्या बाबतीत थोडे पुढे पाऊल पडले आहे. राज्याने २०२४ मध्ये विशेष शिक्षकांची ४,८६० पदे मंजूर केली, म्हणजे प्रत्येक केंद्राला एक. एका केंद्रात अनेक वाड्यापाड्यांच्या शाळा येतात, म्हणून हे पुरेसे आहे असे मी म्हणणार नाही. पण जिथे आजवर कंत्राटावरचे शिक्षक तालुकाभर फिरत होते, तिथे हा फरक मोठा आहे. हे शिक्षक कोणत्या शाळेत किती वेळा जातील, हेही शेवटी नोंदीतल्या मुलांवर ठरेल.

त्या सभासदांना आता माझे उत्तर असे. आपण स्वतंत्र विशेष शाळा काढावी, असे समितीत काहींचे मत आहे, माझे नाही. वर्गणीतला पैसा एसटीच्या भाड्यासाठी, आजीच्या दोन दिवसांच्या मजुरीसाठी आणि अर्ज नीट भरणाऱ्या माणसासाठी लागतो. सध्या आमच्या यादीत प्रमाणपत्र नसलेली ११ मुले आहेत. आवणी सुरू झाली की घरचे कोणी बरोबर येणार नाही, म्हणून हे काम त्याआधी उरकायचे आहे. ज्यांच्याकडे गाडी आहे आणि एखादा दिवस मोकळा आहे, त्यांनी आपल्या पाळकांकडे नाव द्यावे.