दुःखाला दिलेले दिवस

ज्यू स्त्रियांची श्रद्धा आणि मनाचं आरोग्य या विषयावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या तिघींना इथे उत्तर देत आहे.

प्रश्न : आमच्या शेजारच्या बेने इस्रायली (ज्यू) काकूंचे यजमान वारले. सात दिवस त्या घराबाहेर पडणार नाहीत म्हणे. भेटायला जायचं आहे, पण काय बोलावं, काय न्यावं, कळत नाही. हे आपल्या सुतकासारखंच असतं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जरूर जा, ताई. बोलण्याची काळजी तर करूच नका, कारण ज्यू रीतीप्रमाणे भेटायला आलेल्याने आधी तोंड उघडायचंच नसतं. घरातलं दुःखी माणूस बोलू लागेपर्यंत नुसतं जवळ बसायचं. बायबलातल्या ईयोबाची मुलंबाळं गेली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कोणी एक शब्दही काढला नाही. ती गोष्ट या रीतीच्या मागे आहे. (पुढे ते मित्र बोलू लागले आणि त्याच्याच चुका काढत बसले, तिथे सगळं बिघडलं.) काकू यजमानांविषयी बोलू लागल्या, तर विषय बदलू नका. ‘आता मुलांकडे बघून सावरा’ हे वाक्य तर अजिबात नको.

या सात दिवसांना शिव्हा म्हणतात. सुतकात विटाळाचा विचार मोठा असतो, त्यामुळे काही कामांना आणि देवपूजेला बंधनं येतात. शिव्हात भर असतो तो माणसांनी घरी येण्यावर. दफनानंतरचं पहिलं जेवण घरच्यांनी स्वतःच्या अन्नाचं करायचं नाही, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणायचं असा नियम आहे. त्यात उकडलेली अंडी आणि मसूर असतात. शोकात असलेल्या बाईला ‘जेवून घ्या’ असं नुसतं सांगून भागत नाही, तिच्यापुढे ताट ठेवावं लागतं, हे त्या नियमाला कळलं आहे. तुम्ही फळं न्या, म्हणजे मांस आणि दूध वेगळं ठेवण्याच्या नियमाचा प्रश्नच येणार नाही.

आठवड्यात शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा शनिवार, आला की शोकाच्या बाहेरच्या खुणा तेवढ्यापुरत्या बाजूला ठेवतात. पण तो दिवसही सातांत धरला जातो. सात दिवसांनंतर शोक सौम्य होतो आणि तिसाव्या दिवशी संपतो. वर्षभराचा काळ फक्त आईवडिलांसाठी आहे. म्हणजे नवऱ्यासाठी नियमाने एक महिनाच. माझा अनुभव असा की, विधवेला खरं एकटेपण त्या महिन्यानंतर जाणवू लागतं, कारण येणारी पावलं थांबलेली असतात. म्हणून तुम्ही आता जाच, पण दोन महिन्यांनीही जा.

प्रश्न : मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. औषधं घ्यावी लागली म्हणजे श्रद्धा कमी पडली, असं आमच्याकडे बोललं जातं. ज्यू परंपरा याकडे कसं बघते?
– पुणे

उत्तर : जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा, हा ज्यू धर्मशास्त्राचा पक्का नियम आहे. योम किप्पूरचा उपास वर्षातला सर्वांत कडक. पण उपासाने जिवाला धोका असेल तर त्या आजाऱ्याने खायलाच हवं, असं धर्मच सांगतो. मनाच्या आजारातही जिवाला धोका असू शकतो, हे मान्य करून रब्बी (धर्मगुरू) तोच नियम तिथे लावतात. तेव्हा डॉक्टरकडे जाणं हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही.

श्रद्धा असलेलं मनही आजारी पडतं. तुम्हाला अभ्यासात ‘अ‍ॅना ओ.’ ही रुग्ण भेटली असेलच. तिचं खरं नाव बर्था पापेनहाइम. व्हिएन्नातल्या धर्मनिष्ठ ज्यू घरात 1859 मध्ये तिचा जन्म झाला. आजारी वडिलांची शुश्रूषा करताना 1880 मध्ये ती स्वतः आजारी पडली. हात-पाय लुळे पडत, मातृभाषा असलेली जर्मन बोलता येईनाशी झाली. डॉक्टर जोसेफ ब्रॉयर रोज तिचं ऐकून घेत. त्या उपचाराला ‘बोलून बरं होणं’ हे नाव तिनेच दिलं. पाठ्यपुस्तकं बहुधा इथेच थांबतात आणि याचं मला वाईट वाटतं. तिची हकिगत सांगणाऱ्या 1895 च्या प्रसिद्ध पुस्तकात ती बरी झाल्यासारखं दिसत असलं, तरी त्या उपचारानंतर तिला अनेकदा आरोग्यधामात राहावं लागलं होतं. मग आईबरोबर ती फ्रँकफर्टला गेली. तिथे गरिबांच्या अन्नछत्रात काम केलं, अनाथ मुलींचं वसतिगृह सांभाळलं. 1904 मध्ये तिने जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली आणि 1907 मध्ये नॉय-इझेनबुर्गला कुमारी माता आणि फसवल्या गेलेल्या मुलींसाठी घर काढलं. मुलींच्या व्यापाराविरुद्ध ती आयुष्यभर लढली. त्या व्यापारात ज्यू पुरुषही होते, हे तिने समाजाला न घाबरता सांगितलं. धर्म सोडला नाही, आणि धर्मात स्त्रीला मिळणाऱ्या दुय्यम जागेबद्दलचा रागही सोडला नाही. तिने स्वतःच्या शब्दांत प्रार्थना लिहिल्या. 1936 मध्ये ती गेल्यावर त्या छापल्या गेल्या.

तिने 1910 मध्ये एक जुनं पुस्तक जर्मनमध्ये आणलं, तिच्या दूरच्या नात्यातल्या हामेल्नच्या ग्लिकलच्या आठवणी. ग्लिकल हाम्बुर्गची व्यापारी बाई. 1689 मध्ये नवरा गेला, पदरात लहान मुलं आणि धंद्याची देणी-घेणी. रात्री झोप येईना, तेव्हा मनावरचा भार कमी व्हावा म्हणून ती यिडिश भाषेत मुलांसाठी लिहू लागली. देवावर पूर्ण भरवसा, आणि तरीही पानोपानी रडणं, हिशेब, काळजी. दुसरं लग्न केलं, तर त्या नवऱ्याचं दिवाळं निघालं. तरी ती नंतर पुन्हा लिहायला बसली. तुमच्या घरच्यांना या दोघींविषयी सांगा.

प्रश्न : मी रायगडच्या बेने इस्रायली घराण्यातली, आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते. पाचव्या महिन्यात माझं बाळ गेलं. नियमाप्रमाणे शिव्हा नाही. आजी म्हणते, मलिद्याचा नवस बोल. मला मात्र प्रार्थनाच करवत नाही.
– एक भगिनी

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तीस दिवसांच्या आतलं मूल गेलं तर शिव्हा नाही, हा नियम अशा काळातला आहे जेव्हा घरोघरी बाळं जात. आईबापांवर शोकाचं ओझं वारंवार पडू नये, असं त्याचं कारण दिलं जातं. पण नियम नाही म्हणून दुःख खोटं ठरत नाही. आज अनेक ज्यू स्त्रिया आणि रब्बी अशा प्रसंगासाठी नव्या प्रार्थना रचत आहेत. तुमच्या गावच्या रब्बींना विचारा. बाळाला नाव द्यावंसं वाटत असेल तर तेही विचारा.

प्रार्थना करवत नसेल तर बायबलातल्या हन्नाकडे बघा. शिलोच्या मंदिरात ती मूल नाही म्हणून रडत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं, बाई दारू प्यायली आहे. तिने त्याला तिथल्या तिथे सांगितलं की मी प्यायलेली नाही, मी माझं दुःख देवापुढे मांडते आहे. पुढे तालमूद या धर्मग्रंथाच्या पंडितांनी प्रार्थना कशी करावी याचे नियम याच बाईवरून बसवले. रोश हशानाला, म्हणजे आपल्या जुन्या घरांतल्या नव्याच्या सणाला, पहिल्या दिवशी तिचीच कथा वाचतात. धर्माने आदर्श मानलेली ही प्रार्थना एका कडवट झालेल्या मनाची आहे.

आजींशी भांडू नका. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं मांडून एलियाहू हन्नाबीचं (प्रेषित एलियाचं) नाव घेणं हीच त्यांची धीर देण्याची भाषा आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात, तिथवर त्यांची श्रद्धा पोचलेली आहे. पण मलिदा हा आभाराचा आणि नवस फेडण्याचा विधी. आज तुमच्या मनात आभार नसतील, तर बोलू नका नवस. आजींना सांगा, तुम्ही गा, मी शेजारी बसते. पुढच्या बाळाची घाई मात्र कोणालाही, अगदी त्यांनाही, करू देऊ नका.

झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे परतली नसेल, किंवा जगू नये असं वाटत असेल, तर आजच डॉक्टरांना गाठा. हिब्रूत मन मोकळं होत नसेल तर मराठी बोलणारं कोणी सोबत न्या. आणि हे पत्र नवऱ्याला वाचायला द्या. त्यांचंही बाळ गेलं आहे, आणि त्यांना ते अजून कोणी विचारलेलं नसेल.