घोरपड का फिरली?



पोलादपूर तालुक्यातलं उमरठ म्हणजे सुभेदार तानाजी मालुसऱ्यांचं गाव. प्रतापगड-रायगडाकडे जाणारे आपले काही सभासद वाट वाकडी करून तिथल्या समाधीला हात जोडून येतात. कोंढाण्याची लढाई झाली ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री. त्या लढाईतल्या किती मावळ्यांची नावं आपल्याला सांगता येतील? तानाजी, सूर्याजी, शेलारमामा, आणि मग गाडी अडते. पण यशवंती मात्र शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. यशवंती म्हणजे घोरपड!

आता खरं काय ते आधी सांगून टाकू. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तिथे निवडक मावळे कडा चढतात आणि वरून माळ लावतात. घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. म्हणून इतिहासाचे अभ्यासक तिला लोककथेतच ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. (घोरपड पकडणं वा पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही जाता जाता सांगितलेलं बरं.)

पण लोककथा झाली म्हणून ती टाकाऊ होत नाही. शाहिराने त्या मुक्या जिवाला नाव दिलं, शेंदूर लावला, मोती बांधला. आणि पुढे त्याने जे घातलंय ते आम्हाला फार मोलाचं वाटतं. यशवंती कडा चढता चढता मागे फिरते. धन्याचं मरण तिला आधीच दिसलेलं असतं. तानाजी रागावतो, तुकडे करीन म्हणतो, तेव्हा कुठे ती पुन्हा चढते. जिवापाड सांभाळलेलं जनावर अडलं, ते काही सांगत होतं, आणि धन्याला त्या घाईत ते ऐकायला सवड नव्हती. त्याच्यापुढे स्वराज्याचं काम होतं. आपल्यापुढे काय असतं? बहुतेक वेळा वजनकाट्यावर लवकर नंबर लागावा एवढंच.

नाव ठेवण्याचंच घ्या. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाने २००९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ५१६ दूध उत्पादकांना प्रश्न विचारले होते. जे गायीला नावाने हाक मारत होते, त्यांच्याकडे वर्षाकाठी गायीमागे सुमारे २५८ लिटर दूध जास्त निघत होतं. नुसत्या नावात काही जादू नाही हो. नाव घेणारा माणूस जनावराजवळ जातो, पाठीवरून हात फिरवतो, एकेकीची खोड ओळखतो. ती बुजत नाही, मग पान्हाही चोरत नाही. आपल्या घरातल्या बायामाणसांना हे पाहणीवाचून ठाऊक आहे. कपिला आज पेंडीला तोंड लावत नाही, हे आधी त्यांच्याच ध्यानात येतं, डॉक्टरला कळायच्या कितीतरी आधी.

बैलांचंही तसंच. सर्जा-राजा नुसते जुंपायचे नसतात, ते घरातलेच असतात. बेंदराला त्यांची शिंगं रंगवतो, पुरणपोळी चारतो, घरची लक्ष्मी त्यांना ओवाळते. पण गळीत हंगामात फडातून निघालेल्या टायरगाडीकडे नीट बघा. जोडी तोडणीवाल्याची, ऊस आपला. आणखी चार मोळ्या टाक, असं त्याला सांगणारे आपलेच काही सभासद असतात. मग चढावर बैल अडतो. अडला की आपण म्हणतो, आळशी आहे, कामचोर आहे, आणि पराणी बसते.

आम्हाला वाटतं, अडलेला बैल कामचोर क्वचितच असतो. बैल घामाबरोबरच धापा टाकूनही अंगातली उष्णता बाहेर काढतो. जीभ बाहेर आली, तोंडाला फेस आला, पाय लटपटू लागले, की त्याच्या हाती दुसरं काही उरलेलं नसतं. अशा वेळी जू उतरून त्याला सावलीला घ्यावं, पाणी पाजावं, अंगावरही पाणी मारावं. खांद्याला सूज किंवा जखम दिसली तर ती बरी होईपर्यंत जुंपूच नये. सुजलेल्या खांद्यावर जू म्हणजे फोड आलेल्या तळव्याने फड तुडवणं.

कायदाही हेच सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली ओढकामाच्या जनावरांचे नियम झाले. दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग ५ तासांच्या वर विश्रांतीवाचून जुंपायचं नाही. पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचंच नाही. अणकुचीदार आर लावलेली पराणी तर साफ मना आहे. हे नियम गाडीवानाला कोण सांगणार? तो दूरच्या मुलखातून उचल घेऊन आलेला. पट्टा पडायच्या आत चार खेपा व्हाव्यात ही त्याची नड आहे, आणि घरून आणलेल्या त्या बैलांवर त्याचाही जीव असतो. गाडीतळावर रात्री स्वतः जेवायच्या आधी वैरण टाकणारे गाडीवान आम्ही कितीतरी पाहिले आहेत.

तेव्हा फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात आपल्या फडातून गाडी निघेल, तेव्हा बांधावर पाण्याची एक टाकी भरून ठेवा. मोळ्या मोजताना बैलाच्या खांद्यावरून एकदा हात फिरवा. आणि गाडीवानाला त्याच्या जोडीची नावं विचारा. तो लगेच सांगेल.