वेठ, कर्ज आणि ख्रिस्ताने दिलेली मोकळीक

शास्त्रभाग : नहेम्या ५:१-१३, याकोब ५:१-६



मध्ययुगीन युरोपात बहुतेक लोक शेतकरी होते, व त्यांपैकी पुष्कळ भूदास होते. भूदास हा बाजारात विकला जाणारा गुलाम नव्हे. परंतु धन्याच्या परवानगीवाचून त्यास गाव सोडता येत नसे. आठवड्यातून दोन-तीन दिवस तो धन्याच्या शेतात फुकट राबे. मुलीचे लग्न करावयाचे तर धन्यास पैसे भरावे लागत, आणि घरचा कर्ता पुरुष मेला म्हणजे गोठ्यातील उत्तम जनावर धनी नेई. प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे असे तीन वर्ग देवानेच नेमिले आहेत, असे धर्मगुरू शिकवीत. बिशप व मठ हेही मोठे जमीनदार होते.

१५२५ साली जर्मनीतील शेतकऱ्यांनी मेमिंगेन येथे बारा कलमे मांडली. ख्रिस्ताने आपले रक्त सांडून धनगरास व राजास सारखेच सोडविले आहे, म्हणून आम्ही कोणाचे दास नाही, असा त्यांतील एका कलमाचा आशय होता. लूथरने आरंभी सरदारांसही दोष दिला. परंतु बंड पेटल्यावर त्याने शेतकऱ्यांविरुद्ध अतिशय कठोर शब्द लिहिले. आम्ही प्रॉटेस्टंट म्हणवितो, म्हणून ही गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस शोभत नाही.

हा इतिहास दूरदेशीचा आहे असे कोणी म्हणू नये. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, आणि १७३९ साली मराठ्यांनी ती घेईपर्यंत वसई व दमणच्या मुलखातील अनेक गावे पोर्तुगीज सरदारांस व धर्मसंघांस लावून दिलेली होती. राज्ये बदलली, तरी राबणाऱ्याचे ओझे उतरले नाही. आमच्या उमरोळीच्या आसपासच्या डहाणू, तलासरी ह्या भागांत गेल्या शतकातही ‘लग्नगडी’ हा शब्द सर्वांस ठाऊक होता. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेई, आणि ते फेडण्यासाठी नवराबायको दोघेही त्याच्याकडे राबत. वही सावकाराच्या हाती. ज्यास अक्षरओळख नाही त्यास फेड किती झाली हे कसे कळावे? युरोपातील धनी लग्नाबद्दल पैसे घेई; येथील धनी लग्नासाठी पैसे देई. बेडी मात्र एकच. १९४५ साली झरी येथे वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले. शामराव व गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. पुढे १९७६ साली वेठबिगार रद्द करणारा कायदा झाला.

तथापि कायद्याने वही आपोआप कोरी होत नाही. आजही पावसाळा संपला की कित्येक कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, आणि हंगाम सरल्यावर हिशेबात पुन्हा देणे निघते. येथे नहेम्याचे उदाहरण घ्यावे. यहूदी भाऊबंदांनी कर्जापायी शेते गहाण टाकली व मुलेबाळे दास्यात दिली, हे ऐकून तो संतापला. परंतु आपण व आपले भाऊही कर्ज देणाऱ्यांत आहोत, हे त्याने सभेत लपविले नाही. मग त्याने शेते परत देवविली व तशी शपथ घेवविली. पश्चात्ताप वहीपर्यंत पोहोचला. कापणी करणाऱ्यांची अडविलेली मजुरी देवाजवळ ओरडते, असे याकोबही बजावतो.

मंडळीत विचार करण्यासाठी प्रश्न :

१. आपल्या वाडीत, भट्टीवर किंवा होडीवर उचल घेतलेला मनुष्य आहे काय? त्याचा हिशेब त्यास वाचून दाखविला आहे काय?

२. लग्नाच्या खर्चापायी मंडळीतील कोणी कर्जात बुडत असेल, तर साधे लग्न लावण्यास वडील मंडळी प्रथम आपल्या घरापासून आरंभ करतील काय?

३. ज्यास वाचता येत नाही, त्याच्यासोबत हिशेबाच्या दिवशी जाऊन बसण्यास मंडळीतील कोणता तरुण तयार आहे?

ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येत्या रविवारीच नावासह मिळावे, अशी आमची विनंती आहे.