जीपचे पाटे

आमच्या प्रौढ वर्गाची एक जुनी कमांडर जीप आहे. फळा, पाट्या आणि पुस्तके घेऊन ती पाथर्डी तालुक्यात फिरते. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडी अजून नगरच येते. नगरहून पाथर्डीला जाताना करंजीचा घाट लागतो. त्या घाटातच आम्हाला हा धडा मिळाला.

झाले असे. उन्हाळ्यात जीप वाजू लागली. खड्डा आला की खालून 'खट्' असा आवाज येई. आम्ही एका गॅरेजवर गेलो. तिथल्या मिस्त्रीने वाकूनही पाहिले नाही. नुसता आवाज ऐकला आणि म्हणाला, "शॉकअप गेले, मास्तर. चारही बदला." आम्ही बदलले. नव्या पुस्तकांसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. दुसऱ्या दिवशी खड्डा आला, आणि पुन्हा 'खट्'!

दोष एकट्या मिस्त्रीचा नव्हता. आपल्या गाडीखाली काय असते, ते आम्हालाच ठाऊक नव्हते. तेव्हा आधी तेच पाहू.

बैलगाडीला धक्का झेलणारे काही नसते. चाक दगडावर चढले की धक्का सरळ बसणाऱ्याच्या माकडहाडाला! टांग्याला मात्र पाटे असत. इंग्लंडात ओबडाया इलियट नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमारास घोडागाडीला कमानदार पाटे बसवले. तेच पुढे मोटारीला आले. पाटा म्हणजे पोलादाची वाकवलेली पट्टी. लांब-आखूड पट्ट्या एकावर एक रचून जुडी करतात. सगळ्यांत लांब तो मेन पाटा. त्याची टोके वळवून डोळे केलेले असतात. डोळ्यात रबराचे बुश बसते. एक टोक चासीला पक्के असते. दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला असते. मधोमध सेंटर बोल्ट असतो, आणि यू बोल्टांनी सगळी जुडी आसाला आवळलेली असते.

पाटा वजन झेलतो. पण एकदा दबला की झोक्यासारखा वरखाली होत राहतो. ते थांबवायचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल आणि दट्ट्या असतो. आणि बुशाचे काम काय? लोखंडावर लोखंड आपटू न देणे. आता सांगा, 'खट्' असा आवाज आला तर आधी संशय कुणाचा घ्यावा?

आम्ही तो घेतला नाही. पावसाळ्याच्या तोंडी करंजीचा घाट उतरत होतो. मागे वर्गाच्या सात जणी बसल्या होत्या. वळणावर ब्रेक लावला, तशी जीप डाव्या अंगाला ओढली गेली. डावीकडे दरी. आमचा ड्रायव्हर सावध गडी. त्याने स्टिअरिंग घट्ट धरले, गाडी कडेला घेतली आणि चाकाला दगड लावला. खाली पाहतो तो काय, पुढचा डावा मेन पाटा डोळ्याजवळ तडकलेला! अर्धी चीर गंजलेली, अर्धी चकचकीत. म्हणजे ती आजची नव्हे, कितीतरी दिवसांची होती. डोळ्यातल्या बुशाचे रबर कधीच झिजून गेले होते. लोखंड लोखंडावर आपटत होते. डोळा पुरता तुटला असता, तर आस मागे सरकला असता आणि स्टिअरिंग हातात राहिले नसते. सात जणींना एसटीत बसवून दिले. जीपची पुढची बाजू क्रेनने उचलून ती नगरला आणली.

नगरमध्ये संरक्षण खात्याची वाहनांची परीक्षा घेणारी संस्था आहे. तिथे खास बांधलेल्या वाटांवर गाड्यांची कसोटी लागते. आमच्या पाटेवाल्या चाचांकडे असले काही नव्हते. एक पहार, एक टेप आणि एक बॅटरी. तेवढ्यावर त्यांनी तासाभरात सगळी जीप वाचली.

आधी चारही चाकांची हवा सारखी केली. मग सपाट जागेवर रिकामी जीप उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप लावला. दोन बाजूंत दोन बोटांहून जास्त फरक असला, तर एक पाटा बसला समजावा. मग डाव्या बाजूला पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत मोजले. तसेच उजवीकडे. इथे फरक निघाला तर आस सरकला आहे. बहुधा सेंटर बोल्ट तुटलेला असतो. पाट्यांची माती तारेच्या ब्रशने काढून बॅटरीच्या उजेडात चिरा शोधल्या. डोळ्याशी पहार लावून हलवले, तसे बुश लुळे हलले. चाक उचलून डाव्या-उजव्या हाताने धरून हलवले. खडखडले तर टाय रॉडचे टोक पाहावे. वर-खाली धरून हलले, तर बेअरिंग पाहावे.

"आणि शॉकअप कसा ओळखायचा, चाचा?" आम्ही विचारले.

"खराब रस्त्यावरून आलात की जपून हात लावा, मास्तर. काम करणारा गरम होतो. जोडीदार गरम आणि हा गार, तर हा मेला." तेलाने ओला झालेलाही गेलाच. आमचे जुने चारही चांगले असावेत. पण ते तर आम्ही देऊन बसलो होतो.

एक गोष्ट विसरू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरू नये. विटांचा भरवसा नको, वीट फुटते. जाड लाकडी ओंडके द्यावे आणि बाकीच्या चाकांना अटकाव लावावा. ज्या गाडीला पुढे गोल स्प्रिंग आहे, तिची स्प्रिंग घरी खोलू नये. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते.

आमच्यातला एक जण म्हणाला, "तडकलेल्या पाट्याला वेल्डिंग मारू. पैसे वाचतील." चाचा हसले. विळ्याला पाणी दिलेले असते ना? तसे पाट्यालाही दिलेले असते. वेल्डिंगने त्या जागेचे पाणी उतरते आणि पाटा शेजारीच तुटतो. भट्टीत लाल करून नुसता वाकवलेला पाटाही असाच. थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो.

मग काय केले? मेन पाटा नवा घेतला. भंगारातला चालला नसता. बाकीचे पाटे तेच ठेवले. चारही जुड्यांची बुशे, त्या बाजूचा सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवे. बुशांचे नट जीप जमिनीवर उतरवून, वजन आल्यावरच शेवटचे आवळले. अधांतरी आवळले तर रबर पिळून लवकर फाटते. मागचे पाटे थोडे बसलेले होते. चाचा म्हणाले, ते पुढच्या हंगामात कमानीत मारू. पाट्यांची करकर थांबू शकते. गळका शॉकअपही, हळू चालवाल तर, पैसे जमेपर्यंत थांबेल. चीर, सेंटर बोल्ट आणि टाय रॉड मात्र एक दिवस थांबवू नये. जास्त माल भरता यावा म्हणून एखादा पाटा वाढवण्याची चाल आपल्याकडे फार. आम्हाला ती पसंत नाही. गाडी कडक होते आणि मार चासीला बसतो.

सगळा खर्च चार शॉकअपांहून कमी आला. हे लिहिताना अजून वाईट वाटते.

नवे यू बोल्ट आठवड्याने पुन्हा आवळावे लागतात. ती तारीख आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आणि विसरलो. घाटातल्या त्या सात जणींतली एक बाई वर्गात उठून म्हणाली, "मास्तर, तिथं 'नट आवळणे' लिहिलंय. आज सोमवार. आवळले का?"

ड्रायव्हर पाना घेऊन बाहेर गेला.