विजेवरचा पिकअप : घेण्याआधी मोजा, बनण्याआधी सांगा

डिझेलचा खर्च झेपत नाही, मग विजेवर चालणारी गाडी घ्यावी काय? अकोल्याच्या बाजारात हा प्रश्न आता वरचेवर निघतो. भाजी-फळांचे व्यापारी, डाळमिलचा माल पोहोचविणारे, लोखंडी ग्रील व फर्निचर करणारे कारागीर, या सर्वांचा धंदा छोट्या मालगाडीवर चालतो. गाडी चुकीची निघाली तर कर्ज डोक्यावर बसते आणि धंदाही बसतो. म्हणून या लेखात आपण दोन गोष्टी पाहू. पहिली, गाडी घेण्याआधी हिशेब कसा करावा. दुसरी, पुढे येणाऱ्या गाड्यांत काय असावे हे आपण कंपन्यांना का व कसे सांगावे.

छोट्या हत्तीचा धडा

टाटा कंपनीने २००५ मध्ये 'एस' ही गाडी आणली. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' हे नाव दिले. ही गाडी तयार करण्यापूर्वी प्रकल्पाचे प्रमुख गिरीश वाघ व त्यांचे सहकारी तीनचाकी आणि ट्रक चालविणाऱ्यांना जाऊन भेटले होते. त्यांना काय हवे, काय परवडते, हे त्यांनी विचारून घेतले. वापरणाऱ्याला विचारून गाडी बनली, म्हणून ती गल्लीबोळात पोहोचली.

विजेच्या गाडीची सुरुवात वेगळी झाली. मे २०२२ मध्ये 'एस ईव्ही' जाहीर झाली, त्याच वेळी घरपोच माल देणाऱ्या मोठ्या कंपन्यांशी ३९,००० गाड्यांचा करार झाला. म्हणजे पहिला गिऱ्हाईक पार्सलवाला होता. त्याचा माल हलका, रस्ता शहराचा आणि चार्जिंगची सोय स्वतःच्या गोदामात. त्या गाडीची भारक्षमता ६०० किलो होती. पुढे मे २०२४ मध्ये एक टनाची गाडी आली, ऑक्टोबर २०२४ मध्ये महिंद्राची 'झिओ' आली आणि जून २०२५ मध्ये ७५० किलोची 'एस प्रो' विजेवरही मिळू लागली. गाड्या वाढत आहेत ही चांगली गोष्ट आहे. परंतु अकोटफैल किंवा ताजनापेठेतल्या व्यापाऱ्याची गरज पार्सलवाल्याची नाही.

आधी हिशेब

पहिल्या एस ईव्हीची बॅटरी २१.३ युनिटची आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर होता. हा पल्ला ठरावीक चाचणीतला असतो. भरलेला माल, ऊन आणि खराब रस्ता धरला तर हिशेबात १०० किलोमीटरच धरावे. चार्जिंगमध्ये काही वीज वाया जाते, म्हणून पूर्ण चार्जिंगला २५ युनिट धरू. युनिटचा दर १२ रुपये धरला तर ३०० रुपये झाले, म्हणजे किलोमीटरला ३ रुपये. डिझेलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि लिटरला ९० रुपये पडतात असे धरले तर किलोमीटरला ६ रुपये. बचत किलोमीटरमागे ३ रुपये.

आता गाडी रोज ६० किलोमीटर, महिन्यात २५ दिवस चालली तर बचत ४,५०० रुपये. विजेची गाडी अडीच लाखांनी महाग असेल तर तो फरक भरून निघायला साडेचार वर्षांहून अधिक काळ लागेल. तीच गाडी रोज १०० किलोमीटर चालली तर महिन्याला ७,५०० रुपये वाचतील आणि फरक पावणेतीन वर्षांत निघेल. विजेची गाडी उभी राहिली तर महाग, धावली तर स्वस्त. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावे.

कराचेही पाहावे. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. इतर मालगाड्यांवर तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. ज्यांची नियमित जीएसटी नोंदणी आहे त्यांना धंद्याच्या मालगाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळते, म्हणून त्यांच्यासाठी हा फरक वाटतो तेवढा मोठा नाही. नोंदणी नसलेल्या कारागिराला मात्र तो पूर्ण लागतो.

आमच्या सूचना

पुढच्या पिकअपमध्ये काय असावे, याबद्दल आमच्या सूचना अशा :

१. उन्हात टिकणारी बॅटरी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. फार उष्णतेत बॅटरी लवकर झिजते. हवेवर थंड होणारी बॅटरी येथे पुरेशी नाही, पाण्याच्या नळ्यांनी थंड होणारी हवी. मोटारीत जे मिळते ते मालगाडीत का मिळू नये?

२. जलद चार्जिंग सर्वच गाड्यांत. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर २१ युनिटची बॅटरी भरायला सात-आठ तास लागतात. भाजीवाल्याची गाडी रात्री नऊला परत येते आणि पहाटे तीनला निघते. त्यात वीज गेली तर सकाळ हातची गेली.

३. आठ फुटांचा हौदा. छोट्या हत्तीचा हौदा सव्वासात फुटांच्या आसपास आहे. प्लायवुडची पाटी आठ बाय चार फुटांची असते, ती फाळके बंद करून बसत नाही. हौदा उघडा हवा, तिन्ही बाजूंचे फाळके उघडणारे हवेत आणि केबिनवर पाइप बांधायला मजबूत कडी हवी.

४. गाडीतून वीज. अमेरिकेत २०२२ मध्ये आलेल्या फोर्डच्या विजेच्या पिकअपमधून ९.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर घेता येत होती. आपल्याला तेवढी नको. तीन किलोवॅटचा प्लग मिळाला तरी कटर, ड्रिल व छोटी वेल्डिंग मशीन गिऱ्हाइकाच्या दारात चालेल. जनरेटरचे भाडे वाचेल. कारागिरासाठी ही सर्वांत मोलाची सोय ठरेल.

५. खरा काटा. भरलेल्या वजनाप्रमाणे किती किलोमीटर उरले ते मराठीत दिसावे. अकोल्याहून माल भरून अकोटला गेलेला माणूस परतीच्या रस्त्यात अडकू नये.

६. पाटे आणि पाणी. महामार्ग चांगला झाला, पण आतील गावांचे रस्ते काळ्या मातीवरचे, खचणारे आहेत. पाटे भक्कम हवेत. पुलावर किती उंचीच्या पाण्यातून गाडी काढता येते, हे कंपनीने लिहून द्यावे.

७. दुरुस्ती जिल्ह्यात. बॅटरीचे भाग सुटे बदलता यावेत आणि आपल्या मिस्त्री मुलांना त्याचे प्रशिक्षण मिळावे. एका भागासाठी गाडी आठ दिवस उभी राहिली तर महिन्याची बचत संपली.

आता काय करावे

व्यापारी व कारागीर बंधूंनी पंधरा दिवस एक वही ठेवावी. रोज किती किलोमीटर, किती वजन, गाडी किती वाजता परतली, किती वाजता निघाली, एवढेच लिहावे. आपल्या मीटरचा मंजूर भार किती आहे ते वीजबिलावर पाहावे. जुन्या वस्तीतले अनेक मीटर एक-दोन किलोवॅटचे असतात, त्यावर गाडी लावली तर तारा जळण्याचा धोका आहे. महावितरणकडून भार वाढवून घ्यावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे. गाडी चालवून पाहताना रिकामी चालवू नये, आपला नेहमीचा माल भरून चालवावी. बॅटरीची हमी कोणत्या अटींवर आहे ते सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी वाचवून घ्यावे.

आणि वहीतले आकडे विक्रेत्याला लेखी द्यावेत. एकट्याचा कागद टेबलावर राहील, पण बाजारातल्या पन्नास दुकानदारांनी मिळून दिलेला कागद कंपनीपर्यंत जाईल. मोठ्या कंपन्यांनी आपली गरज सांगितली, म्हणून गाडी त्यांच्या मापाची झाली. आपण गप्प राहिलो तर दुसऱ्याच्या मापाची गाडी आपल्या कर्जावर घ्यावी लागेल.