सार्वजनिक गोल्फ मैदान : एका कॅडीच्या वहीतून

(तृतीय वर्ष, कला)

नाशिकला जाऊन आलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी 'गोल्फ क्लब' हे नाव ऐकले असेल. रिक्षावाल्याला तेवढे दोन शब्द सांगितले की तो बरोबर ठिकाणी नेऊन सोडतो. मात्र तेथे उतरल्यावर दिसतात ती सकाळी फिरायला आलेली माणसे आणि क्रिकेट खेळणारी पोरे. मैदानाचे आजचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ज्याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्याचेच नाव साहेबांच्या खेळाची आठवण सांगणाऱ्या जागेला मिळावे, हा काळाचा न्याय म्हणायचा. खेळ गेला, शब्द तेवढा लोकांच्या तोंडी राहिला. आणि त्या शब्दाबरोबर एक समजही राहिला, की हा खेळ साहेबांचा, नाहीतर शेठजींचा; आपला त्याच्याशी संबंध काय?

माझाही समज असाच होता. बारावीनंतरच्या आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळी सुट्ट्या मी पनवेलला मामांकडे काढल्या. मामा मुंबईकडच्या एका जुन्या क्लबात माळीकाम करतात. त्यांच्या ओळखीने मला तेथे कॅडीचे काम मिळाले. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी वाहणारा, चेंडू शोधणारा आणि विचारले तरच सल्ला देणारा माणूस. (हा शब्द फ्रेंच 'कॅडे'वरून आला असे सांगतात, त्याच घराण्यातला 'कॅडेट' आपल्या एन.सी.सी.त आहे.) नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या असतात. ती खांद्यावर घेऊन सात-आठ किलोमीटर चालायचे. दोन सुट्ट्यांत मी वहीची साठ पाने भरली. कोणत्या काठीने चेंडू किती लांब जातो, कोणत्या उतारावर तो कसा वळतो, सारे लिहून ठेवले. पण एकदा संध्याकाळी मैदान रिकामे असताना मी एक काठी हातात घेतली, तर तेथील एक अधिकारी म्हणाले, "पिशवी उचलायची, काठी नाही." तो नियम होता, त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. पण वही भरलेली आणि हात कोरे, ही अवस्था काही सुखाची नव्हे.

मग कळले की सगळीच मैदाने सभासदांची नसतात. ज्या स्कॉटलंडमध्ये हा खेळ वाढला, तेथील सेंट अँड्र्यूजचे जगप्रसिद्ध जुने मैदान सार्वजनिक आहे. १९७४ च्या कायद्याने नेमलेले विश्वस्त मंडळ त्याचा कारभार पाहते, खेळण्याच्या वेळेसाठी सोडत काढतात, आणि एरवी रविवारी खेळ बंद ठेवून गावकऱ्यांना त्यावर फिरू देतात. फेरीत १८ होल्स असण्याची प्रथासुद्धा तेथलीच. १७६४ साली तेथे २२ चे १८ झाले. आपल्याकडे सिडकोने नवी मुंबईत खारघरच्या डोंगरपायथ्याशी शुल्क भरून कोणालाही खेळता येईल असे मैदान या शतकाच्या दुसऱ्या दशकात खुले केले. सुरुवात पूर्ण १८ न करता ११ होल्सवर झाली. जळगावहून निघालेल्याने ठाण्याला उतरून पनवेलची लोकल धरावी, वाटेत खारघर स्टेशन लागते. धुळेकरांनी चाळीसगावला येऊन गाडी पकडावी. शुल्क आपल्या खिशाला हलके नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी शिकवण्यांचे पैसे साठवून गेलो. शनिवार-रविवार टाळावा, आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवावी. कपड्यांबद्दल एवढेच, की कॉलरचा सदरा घालावा.

आता खेळाकडे वळू. आपल्यापैकी जो कोणी लहानपणी विटीदांडू खेळला असेल त्याला वाटेल, उडती विटी टोलवणाऱ्याला पडलेला चेंडू काय जड! येथेच तो फसतो. उडत्या विटीला विचार करायला वेळ नसतो, हात आपोआप जातो. निजलेला चेंडू मात्र तुमच्याकडे पाहत राहतो आणि तुम्ही त्याच्याकडे. मग मनगट आवळते, मान वर होते आणि काठी जमिनीत घुसते. म्हणून नवशिक्याने पहिला तासभर सरावाच्या जागेवर घालवावा आणि पहिल्या टीवर सर्वांत लांब काठीचा मोह सोडून सात नंबरचे लोखंड घ्यावे. त्याने चेंडू थोडा जवळ पडेल, पण दिसेल अशा ठिकाणी पडेल. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटे मिळतात. पूर्वी पाच मिळत.

सार्वजनिक मैदानाची खरी परीक्षा फटक्यात नाही, चालण्यात आहे. तेथे दर काही मिनिटांनी नवी चौकडी सुटते. एक जण रेंगाळला की मागे दिवसभराची रांग तुंबते. जुने कॅडी सांगत, मागच्यांकडे पाहू नकोस, पुढची चौकडी दिसते का ते पाहा. ती दिसेनाशी झाली की चूक तुमची, मागे कोणी असो वा नसो. फटके पारच्या दुप्पट झाले तर चेंडू उचलावा; मैत्रीच्या खेळात कोणी हरकत घेत नाही. ग्रीनजवळ पोचल्यावर पिशवी पुढच्या टीच्या बाजूला ठेवावी. गुण ग्रीनवर उभे राहून लिहू नयेत, पुढच्या टीवर जाऊन लिहावेत. बंकरमधून निघताना वाळूवरची आपली पावले दाताळ्याने पुसावीत. चेंडू कोणाच्या रोखाने गेला तर लाजू नये, मोठ्याने "फोर!" ओरडावे.

गवताविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ते आपल्या ओळखीचे आहे. उष्ण देशांतील गोल्फ मैदानांवर 'बर्म्यूडा' या भारदस्त नावाने जे गवत लावतात, ती आपली हरळी. तिच्या निवडलेल्या आणि संकरित जाती वापरतात, एवढाच फरक. कपाशीच्या काळ्या रानात जी उपटता उपटता आमच्या वडिलांचे कंबरडे मोडले, तिला तेथे खतपाणी घालून जपतात! मामांनी हे पहिल्यांदा दाखवले तेव्हा मी पोट धरून हसलो. पण ज्याने हरळी खुरपली आहे त्याला तिचा स्वभाव ठाऊक असतो. ती आडवी पसरते, एका दिशेने लोळते. ग्रीनवर तिची पाती तुमच्यापासून पलीकडे झुकलेली असतील तर गवत चकाकते आणि चेंडू वेगाने पळतो. तुमच्याकडे झुकलेली असतील तर ते गर्द दिसते आणि चेंडू अडखळतो. पटर उचलण्यापूर्वी एवढे पाहावे. फटक्याने उखडलेला हरळीचा तुकडा परत जागेवर बसवून पायाने दाबावा, हेही आमच्यासारख्यांना शिकवावे लागत नाही. डोंगराच्या कुशीतल्या मैदानावर आणखी एक गोष्ट : डोळा फसतो, चढ वाटतो तो पुष्कळदा उतार असतो. अशा वेळी कॅडीला विचारावे. "किती लांब आहे?" असे विचारू नये, "कुठे जाऊ नये?" असे विचारावे. त्याच्याजवळचे खरे ज्ञान त्या उत्तरात असते.

कॅडी हा नुसता हमाल नव्हे, याला पुरावा आहे. १९९१ ची इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा कॅडीच्या घरातून आलेला. २००९ साली हीच स्पर्धा जिंकणारा बंगळूरचा मुनियप्पा पूर्वी स्वतः कॅडी होता. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगावेसे वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत मी खारघरला पहिली फेरी खेळलो. एकटा गेलेल्याला सार्वजनिक मैदानावर बहुधा दुसऱ्यांबरोबर जोडून देतात. हा मोठा फायदा समजावा, कारण न मागता गुरू मिळतो. माझ्या वाट्याला बँकेतून निवृत्त झालेले एक काका आले. पहिल्या टीवर पाय कापत होते. मागे चार माणसे उभी, आणि ती सारी आपल्यालाच पाहताहेत असे वाटत होते. (खरे म्हणजे कोणी पाहत नसते, प्रत्येक जण आपल्या फटक्याच्या काळजीत असतो.) चेंडू शंभर पावले गेला. मला तो क्षितिजापार गेल्यासारखा वाटला.

चौथ्या होलला चेंडू उंच गवतात गेला. सापडला तेव्हा त्याला एक वाळकी काडी टेकलेली होती. मी ती उचलली आणि चेंडू अर्धा वेढा फिरला. नियम मला पाठ होता : एक फटका दंड आणि चेंडू मूळ जागी. चेंडू मी मूळ जागी ठेवला. दंडाचे मात्र बोललो नाही. या खेळात पंच सोबत चालत नाही. काका पन्नास पावलांवर पाठमोरे होते, कॅडी पुढे झेंड्याजवळ होता. पुढच्या टीवर काकांनी कार्ड काढून विचारले, "तुझे किती?" मी "सात" म्हणालो. त्यांनी सात लिहिले आणि ते फटका मारायला गेले.

आणखी दोन होल्स झाले. त्यांत माझा एकही फटका धड बसला नाही. शेवटी पाण्याच्या मडक्यापाशी थांबलो तेव्हा म्हणालो, "काका, चौथ्यावर सात नव्हे, आठ."

त्यांनी कारण विचारले नाही. खिशातून पेन्सिल काढली, सातावर काट मारून शेजारी आठ लिहिले आणि म्हणाले, "चल, पुढची मंडळी दिसेनाशी झाली."