स्मृती हरवलेले वृद्ध आणि आपली जबाबदारी

दिव्य कुरआनात मानवी आयुष्याच्या अखेरच्या, अत्यंत दुर्बल टप्प्यासाठी 'अर्जलुल उमुर' हा शब्दप्रयोग आला आहे. सूरह नहल (आयत 70) व सूरह हज (आयत 5) मध्ये सांगितले आहे की, काही माणसे अशा वयास पोहोचतात जेव्हा पूर्वी मिळविलेले ज्ञानही त्यांच्यापाशी उरत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या वयापासून अल्लाहचा आश्रय मागितल्याचे सहीह बुखारीत नमूद आहे. म्हणून एखाद्या वृद्धाला ही अवस्था आली, तर ती त्याच्या पापांची शिक्षा आहे असे समजण्याचा आपल्याला अधिकार नाही. ही परीक्षा आहे, आणि ती त्याच्यापेक्षा त्याच्या घरच्यांची अधिक आहे.

वैद्यकशास्त्रात या विकाराला डिमेन्शिया म्हणतात; अल्झायमर हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतातील साठ वर्षांवरील सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख व्यक्ती डिमेन्शियाग्रस्त आहेत. या विकारात बहुधा अलीकडची स्मृती आधी जाते. सकाळचे जेवण आठवत नाही, पण बालपणी पाठ केलेली सूरह आठवते. त्यामुळे 'यांना हवे ते बरोबर आठवते' असा संशय घरात निर्माण होतो. हा संशय अन्यायकारक आहे. मात्र प्रत्येक विसराळूपणा अल्झायमर नसतो. 'ब-12' जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही स्मृती मंदावते आणि उपचारांनी सुधारू शकते. वृद्ध अचानक असंबद्ध बोलू लागले, तर लघवीचा संसर्गही कारण असू शकतो. अशा वेळी विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. आजारावर उपचार करण्याची शिकवण स्वतः प्रेषितांनी (स.) दिली आहे.

उपासनेबाबत शरीअतने मोठी सवलत दिली आहे. झोपलेला मनुष्य जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि बुद्धी गमावलेला भानावर येईपर्यंत त्यांच्या कर्मांची नोंद करणारी लेखणी उचलली जाते, असा हदीसचा आशय आहे. म्हणून ज्या वृद्धाला नमाज म्हणजे काय हेच उमजत नाही, त्याच्यावर ती फर्ज राहत नाही. परंतु ज्याची बुद्धी शाबूत आहे आणि केवळ शरीर थकले आहे, त्याने बसून, तेही न जमल्यास कुशीवर पडून नमाज अदा करावी. लघवीवर ताबा नसल्यास नमाजेची वेळ झाल्यावर नव्याने वुजू करावी. नमाज सोडू नये. रोजा कधीच झेपणार नसेल, तर फिदया आहे. हजरत अनस (रजि.) यांनी वार्धक्यात रोज्यांऐवजी गरिबांना जेवू घातले होते. मधल्या अवस्थेत, म्हणजे रकअती विसरणाऱ्या वृद्धाजवळ बसून कुणी हळुवारपणे आठवण करून द्यावी. तपशील आपल्या आलिमांना विचारावेत. पण त्यांना नमाजेवरून रागावू नये.

आता आपल्या कर्तव्याकडे वळू. सूरह बनी इस्राईलच्या 23 व्या आयतीत आई-वडिलांना 'उफ्' म्हणण्यासही मनाई आहे. या आयतीतील आरंभीचा आदेश बहुवचनात आहे. पण वार्धक्याचा उल्लेख येताच संबोधन एकवचनी होते, आणि ते वार्धक्य 'तुझ्याजवळ' आलेले असते. तेव्हा हे कर्तव्य भावावर किंवा बहिणीवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. एकच प्रश्न दहाव्यांदा विचारला गेला, तरी उत्तर पहिल्यांदा दिल्यासारखे द्यावे. प्रश्न विचारल्याचे त्यांना आठवत नाही. पण चढलेला आवाज मनाला लागतो आणि ती भीती प्रसंग विसरल्यावरही उरते.

येथे एक विसंगती सांगणे भाग आहे. आपल्या घरांत आई-वडिलांच्या सेवेचे श्रेय पुत्र घेतो आणि अंथरूण मात्र सून बदलते. आयतीतील आदेश अपत्यांना आहे. सून करते ते तिचे औदार्य आहे. पुत्राने स्वतः वडिलांना आंघोळ घालावी, रात्रीची जागरणे वाटून घ्यावीत आणि पत्नीचे ऋण मान्य करावे.

दुसरी कसोटी संपत्तीची आहे. ज्यांना व्यवहार कळत नाही त्यांच्या हाती संपत्ती सोपवू नये, तिच्यातून त्यांचे अन्नवस्त्र भागवावे आणि त्यांच्याशी भलेपणाने बोलावे, अशी सूरह निसाच्या 5 व्या आयतीची शिकवण आहे. म्हणजे आपण राखणदार आहोत, मालक नव्हे. समज हरपलेल्या वृद्धाचा अंगठा घेऊन केलेला हिबा शरीअतनुसार वैध ठरत नाही. आणि बहिणीचा वाटा अशा प्रकारे हिरावणारा अल्लाहपुढे उत्तरदायी ठरेल.

मक्काविजयाच्या वेळी हजरत अबूबक्र (रजि.) आपले अतिवृद्ध, अंध वडील अबू कुहाफा यांना प्रेषितांकडे (स.) घेऊन आले. तेव्हा प्रेषित (स.) म्हणाले की, या वयोवृद्धांना घरीच राहू द्यायचे होते, मीच त्यांच्याकडे आलो असतो. विजयाच्या दिवशीही त्यांना एका वृद्धाचे श्रम जाणवले. आपल्या घरातील वृद्धाला आपले नाव आठवत नसेल. पण तो कोण आहे, हे आपल्याला आठवते. अल्लाह आपल्याला ही सेवा संयमाने व प्रेमाने करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.